पोडावरचे गोड पाणी



सात वर्षांपूर्वी आपल्या देणग्यांतून केळापूर तालुक्यातील एका कोलाम पोडावर बोअर घेऊन हातपंप बसवला. त्या दिवशी तेथे उपकारस्तुतीची प्रार्थनाही झाली. आज त्या पंपाचे पाणी पोडावर कोणी पीत नाही. असे का, हे देणाऱ्यांना कळायलाच हवे. वसतिगृहात विज्ञान मी शिकवतो, म्हणून हे लिहिण्याचे काम माझ्याकडे आले.

पाणी नितळ होते, थंड होते. बायका म्हणत, "गुरुजी, यात डाळ लवकर शिजते, साबणाला फेसही खूप येतो." आम्हाला समाधान वाटे. खरे तर तिथेच शंका यायला हवी होती. पाण्यात कॅल्शियम कमी असले की फेस लवकर येतो. आणि कॅल्शियमच फ्लोराइडला अडवून धरते. दोघे एकत्र आले की पाण्यात फारसे न विरघळणारे संयुग तयार होते. कॅल्शियम कमी पडले की खडकातून सुटलेले फ्लोराइड पाण्यातच साचत जाते. (म्हणून प्रत्येक मऊ पाणी वाईट असे नव्हे. पावसाचे पाणी तर मऊच असते.)

मारा येथे इस्राएल लोकांना पाणी कडू लागले, म्हणून ते थांबले. फ्लोराइडला चव नाही, वास नाही, रंग नाही. पिण्याच्या पाण्यात त्याची कमाल मर्यादा लिटरला १.५ मिलिग्रॅम आहे. म्हणजे दहा हजार लिटरच्या टँकरमध्ये फक्त १५ ग्रॅम!

आम्हाला कळले ते मुलांच्या दातांवरून. दुधाचे दात पडून आलेल्या नव्या दातांवर खडूसारखे पांढरे पट्टे, काहींवर तपकिरी डाग. आम्ही त्यांना दात नीट घासत नाही म्हणून रागावलो, याची आता लाज वाटते. दात आणि हाडे कॅल्शियम व फॉस्फेटच्या स्फटिकांनी बनतात. त्या स्फटिकात हायड्रॉक्सिल नावाचा एक घटक असतो. त्याच्याएवढाच आकार आणि तोच विद्युतभार असल्यामुळे फ्लोराइड त्याची जागा घेते. थोडे असेल तर दात बळकट होतात, म्हणून तर ते टूथपेस्टमध्ये घालतात. पण दात घडण्याच्या वयात रोज जास्त गेले, तर दाताचे वरचे कवच नीट बनत नाही आणि डाग कायमचे राहतात. पुढे अनेक वर्षांनी सांधे आखडतात, पाठ वाकेनाशी होते.

पाणी तपासले. फ्लोराइड मर्यादेच्या बरेच वर निघाले.

आणखी एक चूक माझी स्वतःची. जुलाब-कावीळ टळावी म्हणून मी घरोघरी पाणी उकळायला सांगत असे. जंतूंसाठी ते योग्यच. पण फ्लोराइड मरत नाही, कारण ते जिवंत नाही. वाफ होऊन पाणी तेवढे उडून जाते. दहा लिटर आटवून आठ लिटर उरले, तर तेच फ्लोराइड आता आठ लिटरांत आहे. ब्लीचिंग पावडरचाही त्यावर उपयोग नाही.

तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड काढण्याची 'नालगोंडा पद्धत' नागपूरच्या नीरी संस्थेने विकसित केली आहे. तुरटीतील ॲल्युमिनियमचा कापसासारखा साका फ्लोराइडला धरून तळाशी बसतो. मात्र तुरटीचे प्रमाण पाणी तपासूनच ठरवावे लागते; अंदाजाने टाकली तर ॲल्युमिनियम पाण्यात उरते. पोडावर रोज हे मोजणार कोण? म्हणून आम्ही सोपा मार्ग धरला. नाल्याकाठच्या जुन्या उथळ विहिरीचे पाणी तपासले, ते मर्यादेत निघाले. त्यात जंतूंची भीती आहे, पण तिथे ब्लीचिंग पावडर आणि उकळणे दोन्ही कामाला येतात. जेवणात कॅल्शियम असले की फ्लोराइड अंगात कमी भिनते, म्हणून तीळ आणि पावसाळ्यात तरोट्याची भाजी खा, असेही सांगतो. तरोटा खा हे सांगायला आम्ही कोण, म्हणून म्हाताऱ्या हसल्या!

पंप काढलेला नाही. त्याच्या तोंडाला लाल रंग दिला आहे. कपडे आणि आंघोळीला ते पाणी चालते, कातडीतून फ्लोराइड आत जात नाही. विहिरीचा गाळ मात्र पावसाआधी काढायचा आहे आणि कठडा बांधायचा आहे. यंदाच्या पाणी निधीतून आधी तेच काम घेऊ. नवा बोअर कुठे घ्यायचा झाला, तर त्याचे पाणी तपासल्याशिवाय पंप बसवायचा नाही, असे समितीने ठरवले आहे.