‘फाईन’ कापड आणि ‘फाईन’ दंड

मंडळी, ‘फाईन’ हा शब्द ठाऊक नाही असा माणूस सोलापुरात सापडणे कठीण. कापड फाईन, चहा फाईन, आणि कामावर उशीर झाला तरी फाईनच! मग शाळेत एखादा पोरगा विचारतोच, “गुरुजी, चांगल्यालाही फाईन आणि दंडालाही फाईन, हे कसं हो?” प्रश्न रास्त आहे.

मूळ एकच. लॅटिन भाषेत ‘फिनिस’ म्हणजे शेवट, सीमा. ‘फिनिश’, ‘फायनल’ ही त्याचीच भावंडे. फ्रेंचांच्या तोंडून तो इंग्रजीत आला तेव्हा अर्थ झाला शेवटास नेलेले; ज्यात आणखी काही करावयाचे उरले नाही असे. तावून सुलाखून शुद्ध केलेले सोने ते फाईन. पुढे नाजूक, बारीक वस्तूही फाईन झाली.

गिरण्यांनी नेमका हा बारीकपणा उचलला. १८७७ साली सुरू झालेली सोलापूरची ‘जुनी गिरणी’ आज नाही, पण सुताच्या नंबराचा हिशेब तोच आहे. ८४० वारांची एक लड. एक पौंड सुतात अशा २० लडी भरल्या, म्हणजे १६,८०० वार निघाले, तर ते २० नंबरचे सूत. नंबर चढेल तसे सूत बारीक. जाडेभरडे, मध्यम, फाईन, सुपरफाईन ही कापडाची प्रतवारी त्यावरूनच ठरे. आपला ‘तलम’ शब्द असताना ‘फाईन’च का म्हणावे, हे मला कळत नाही. बाकी सोलापुरी चादर जाड सुताची. तरी गिऱ्हाईक तिला फाईनच म्हणते!

आता दंड. जुन्या इंग्रजी कायद्यात वादाचा शेवट करण्यासाठी जो पैसा भरावयाचा, तो ‘फाईन’. आपला ‘दंड’ काठीपासून निघाला, त्यांचा मिटवामिटवीतून. मजुराच्या पगारातून तो कापला की वाद मिटे, असे मात्र नव्हे. म्हणून १९३६ च्या वेतन कायद्याने मालकांना लगाम घातला. तेव्हा पगाराच्या रुपयामागे अर्ध्या आण्याहून, म्हणजे बत्तिसाव्या हिश्श्याहून, जास्त दंड घेता येत नसे. पंधरा वर्षांखालच्या पोराला मुळीच नाही. आणि जमलेला पैसा कामगारांच्याच हिताला लावायचा.

हवेचे आणखी निराळे. मृगात ढग पांगून लख्ख ऊन पडले, तर इंग्रज ‘फाईन वेदर’ म्हणेल. आमचा बार्शी-करमाळ्याकडचा शेतकरी कपाळाला हात लावील.

तेव्हा शिक्षकांनी हा शब्द सुटा पाठ करून घेऊ नये, वाक्यात द्यावा. ‘आय अ‍ॅम फाईन’ म्हणजे मी बरा आहे. ‘आय वॉज फाईन्ड’ म्हणजे मला दंड झाला. शेवटचा ‘ड’ तेवढा पोरांना नीट ऐकवा.