आकाराने इंजिनाला साजेल तोच पंखा

आमच्या घरात दोन वर्षं एक मॉडेल विमान आहे. मुलांनी साठवलेल्या ईदीत आम्ही थोडी भर घालून त्याचं चार-स्ट्रोक इंजिन आणलं. टू-स्ट्रोकची कर्कश किरकिर नको, मोटारसायकलसारखा घुमणारा आवाज हवा, एवढाच आमचा विचार होता. अशी इंजिनं काही नवी नाहीत. जपानच्या ओ.एस. कंपनीने 1976 साली एफएस-60 बाजारात आणलं, तेव्हापासून हा शौक वाढत गेला.

पण एका सकाळी मैदानात या शौकाने आम्हाला घाबरवलं. आमचं इंजिन 52 नंबरचं, म्हणजे 0.52 घनइंच, सुमारे साडेआठ सीसी. त्याला आम्ही हौसेने 14×8 चा मोठा पंखा लावला आणि वेग वाढावा म्हणून इंधनाची सुई आवळत गेलो. इंजिन तापलं, एकदम ‘ठक्’ आवाज झाला, नट सैल झाला आणि पंखा सुटून समोर उडाला. मिनिटभर आधी धाकटा तिथेच उभा होता. अम्मीने हाक मारून त्याला मागे बोलावलं होतं. अल्लाहची मेहेरबानी, कुणाला लागलं नाही.

पंखा कसा निवडावा?

पंख्यावरचा पहिला आकडा व्यासाचा, दुसरा पिचचा, दोन्ही इंचांत. 12×6 म्हणजे व्यास 12 इंच आणि एका फेऱ्यात हिशेबाने 6 इंच पुढे सरकणारा. मिनिटाला 10,000 फेरे धरले तर हिशेबाचा वेग ताशी सुमारे 91 किलोमीटर येतो. चार-स्ट्रोक इंजिन कमी फेऱ्यांत जोर देतं, म्हणून त्याला तेवढ्याच आकाराच्या टू-स्ट्रोकपेक्षा मोठा पंखा लागतो. 52 ला 11×7 किंवा 12×6 पासून सुरुवात करावी. सावकाश उडणाऱ्या शिकाऊ विमानाला व्यास जास्त आणि पिच कमी, वेगवान विमानाला पिच जास्त. मात्र एक लक्षात ठेवावं: पिच इंचभर वाढवण्यापेक्षा व्यास इंचभर वाढवला तर इंजिनावर ओझं जास्त पडतं. आमची चूक नेमकी इथेच झाली.

पंखा तोलून घ्यावा, तडा दिसला तर फेकून द्यावा. नटावर दुसरा लॉकनट हवाच. इंजिन सुरू असताना सगळ्यांनी पंख्याच्या मागे उभं राहावं.

इंधन कोणतं?

या इंजिनाला पेट्रोल चालत नाही. मिथेनॉल, तेल आणि थोडं नायट्रोमिथेन यांचं मिश्रण लागतं. चार-स्ट्रोकमध्ये ठिणगी नसते. दोन फेऱ्यांत एकदाच पेट घेतला जातो आणि मधल्या वेळात प्लग थंड होतो. म्हणून त्याचा खास ग्लो प्लग आणि 10 ते 15 टक्के नायट्रो वापरलं की हळू चालतानाही इंजिन बंद पडत नाही. तेल 15 ते 20 टक्के. आतल्या कॅम-बेअरिंगला पिस्टनच्या कडेने झिरपणारं हेच तेल मिळतं, म्हणून पैसे वाचवायला ते कमी करू नये. एरंडेल तेल जास्त उष्णता सोसतं, कृत्रिम तेल स्वच्छ जळतं. दोन्हींचं मिश्रण उत्तम. सुई आवळत फेरे सर्वाधिक झाले की मग ती थोडी उघडावी. धुराची बारीक रेघ दिसत राहिली पाहिजे.

मिथेनॉल हवेतला ओलावा ओढतं आणि बेअरिंगला गंज चढतो. उडवून झाल्यावर उरलेलं इंधन जाळून टाकावं आणि आत तेलाचे थेंब सोडून पंखा हाताने फिरवावा.

घरातल्या मोठ्यांसाठी

मिथेनॉल हे विष आहे. 2015 साली मुंबईत मालवणीला शंभरहून अधिक बळी गेले, ते मिथेनॉल मिसळलेल्या दारूने. ते पोटात गेलं तर डोळे जातात, जीवही जातो. उन्हात त्याची ज्वाळा दिसतसुद्धा नाही. म्हणून आमच्याकडे इंधनाचा डबा स्वयंपाकघरापासून दूर कुलपात असतो. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत ते कधीच भरत नाही.

आता आमच्या इंजिनावर 12×6 चा पंखा आहे. वेग थोडा कमी आहे, पण विमान उडतं आणि उतरतंही. धाकटा आता स्वतःच सगळ्यांना ओरडून सांगतो, “मागे व्हा!”