जठराच्या कर्करोगाचा वारसा

एकाच कुळांत एकाच रोगानें पिढ्यान्‌पिढ्या तरुण माणसें दगावूं लागलीं, म्हणजे लोक त्यास शाप म्हणतात. न्यूझीलंडमधील एका माओरी कुळावर असाच प्रसंग ओढवला होता. तीस वर्षांच्या अवधींत जठराच्या कर्करोगानें त्यांतील सुमारें २५ माणसें गेलीं. बहुतेकांनीं चाळिशीही गांठली नव्हती. सर्वांत लहान रोगी अवघा १४ वर्षांचा होता. अखेर कुळांतील मंडळींनींच ओटागो विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांकडे धांव घेतली, आपली वंशावळ त्यांच्यापुढें मांडली व तपासणीसाठीं रक्त दिलें. पॅरी गिलफर्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९८ सालीं या रोगाचें मूळ उघड केलें.

जठराच्या बहुतेक कर्करोगांच्या मुळाशीं हेलिकोबॅक्टर पायलोरी नांवाच्या जंतूनें वर्षानुवर्षें धुमसत ठेवलेला दाह असतो. वारशानें येणारे कर्करोग शंभरांत एक ते तीनच. या कुळाचा रोग त्यांपैकीं होता.

जठराच्या आंतील अस्तराच्या पेशी एकमेकींचे हात घट्ट धरून उभ्या असतात. हे हात म्हणजे ई-कॅडहेरिन नांवाचें प्रथिन. तें तयार करण्याची आज्ञा सोळाव्या गुणसूत्रावरील 'सीडीएच-१' या जनुकांत असते. प्रत्येकापाशीं या जनुकाच्या दोन प्रती असतात. एक पित्याकडून, दुसरी मातेकडून आलेली. एक प्रत जन्मतःच सदोष असली तरी दुसरी काम निभावते. परंतु पुढें एखाद्या पेशींत ती दुसरी प्रतही बंद पडते. पुष्कळदां तिच्यांतील अक्षरें शाबूत असतात. मात्र आरंभींच रासायनिक खुणा चिकटून तिचें वाचन थांबतें. मग हात सुटतात आणि पेशी एकेकट्या जठराच्या भिंतींत पसरतात. श्लेष्म्यानें फुगलेल्या त्या पेशी सूक्ष्मदर्शकाखालीं खड्याच्या अंगठीसारख्या दिसतात. गांठ अशी बनतच नाहीं. त्यामुळें तोंडावाटें दुर्बीण घालून पाहिलें तरी आरंभींचा रोग बहुधा नजरेस पडत नाहीं.

सदोष जनुक अपत्याकडे जाण्याचा संभव निम्मा असतो. तें लाभलेल्या प्रत्येकास रोग होतोच असें नाहीं; परंतु धोका मोठा असतो, आणि स्त्रियांस स्तनाच्या एका विशिष्ट कर्करोगाचेंही भय राहतें. आतां रक्ताच्या तपासणीनें हें आधींच कळतें. ज्याच्या ठायीं दोष नाहीं तो भयमुक्त होतो, व त्याची मुलेंबाळेंही त्या वारशांतून सुटतात. ज्याच्या ठायीं तो आहे त्यास वैद्य बहुधा संपूर्ण जठर काढून टाकण्याचा सल्ला देतात. अन्ननलिका थेट लहान आंतड्यास जोडली जाते. त्यापुढें थोडें थोडें अनेकदां खावें लागतें आणि ब-१२ जीवनसत्त्व जन्मभर बाहेरून घ्यावें लागतें.

धडधाकट माणसानें आपलें जठर देऊन टाकावें, हा निर्णय सोपा नव्हे. कांहीं जण तो पुढें ढकलून ठराविक काळानें दुर्बिणीची तपासणी करवून घेतात. परंतु निरोगी वाटणारीं जीं जठरें काढलीं गेलीं, त्यांतील बहुतेकांत सूक्ष्मदर्शकाखालीं कर्करोगाचे बारीक ठिपके आढळले आहेत. ज्या कुळास पूर्वीं मरणाची वाट पाहण्यावांचून गत्यंतर नव्हतें, त्याच्या हातीं निदान निवड तरी आली आहे.