हॉर्नचा 'अर्थ'

मंडळी, गेल्या व्याख्यानात आपण कार्यकारणभावाची चर्चा केली. ती संपल्यावर एका ट्रकमालकाने आम्हाला गाठलं आणि विचारलं, "सर, तीन हॉर्न बदलले, तरी आवाज बसलेलाच. आता याचं कारण सांगा!" प्रश्न रास्त आहे. घाटातल्या आंधळ्या वळणावर, भर दिवसा, आपण येतोय हे समोरच्याला कळवायला हॉर्नशिवाय दुसरं काय आहे? म्हणून आज तोच विषय घेऊ.

आधी विजेची वाट पाहू. बॅटरीच्या धन टोकापासून वीज निघते आणि फ्यूज, रिले असं करत हॉर्नपर्यंत येते. हॉर्नच्या आत कॉइल असते, ती लोखंडी पडदा ओढते. पडदा ओढला गेला की आतला पॉइंट सुटतो, वीज तुटते, पडदा मागे येतो, पॉइंट पुन्हा लागतो. सेकंदाला काही शे वेळा हेच चालतं. शाळेतल्या विजेच्या घंटेचीच ही जात. पण आलेली वीज परतही जायला हवी ना? ट्रकमध्ये परतीची वेगळी तार बॅटरीपर्यंत बहुधा नसतेच. चॅसिसचं लोखंड हीच परतीची वाट. वायरमन तिला 'अर्थ' म्हणतात. शब्द इंग्रजीतून आला खरा, पण आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना तो फारच मानवतो: अर्थ तुटला की ध्वनीही गेला! असो.

आपल्याकडच्या कितीतरी जुन्या ट्रकांची केबिन कारखान्यात बनलेलीच नाही. कंपनीकडून चॅसिस आली आणि केबिन बांधली सुताराने, लाकडाचा सांगाडा आणि वर पत्रा. लाकडातून वीज जात नाही. अशा पत्र्यावर हॉर्न ठोकला, तर परतीची सगळी भिस्त एखाद्या गंजक्या बोल्टावर. हिशेब करून बघा. 12 व्होल्टवर 8 अँपिअर घेणारा हॉर्न म्हणजे ढोबळमानाने दीड ओहम. गंजलेल्या सांध्याने त्यात अर्धाच ओहम घातला, तर प्रवाह 6 अँपिअरवर येतो, 3 व्होल्ट सांध्यातच जिरतात, हॉर्नला उरतात 9. घसा बसणारच! नवा हॉर्न आणला तरी त्यालाही तेवढेच मिळणार. आमच्या ट्रकमालकांचे पैसे गेले ते इथे. (काही ट्रक 24 व्होल्टचे असतात, हॉर्न आणि रिले घेताना तेवढं बघावं.)

मग दोष अर्थमध्येच आहे हे ओळखायचं कसं? नैयायिकांचा अन्वय-व्यतिरेक इथे छान चालतो. हॉर्नच्या अर्थच्या टोकापासून, एकच टोक असेल तर त्याच्या अंगापासून, थेट बॅटरीच्या ऋण टोकाला एक जाड तार तात्पुरती लावा आणि बटण दाबा. तार असताना आवाज खणखणीत, काढली की पुन्हा बसका: दोष अर्थचा. काहीच फरक नाही, तर येणारी बाजू तपासा. मात्र काही जुन्या जोडण्यांत रिले नसतो आणि बटण हॉर्नच्या अर्थच्या वाटेतच बसवलेलं असतं. तिथे तार लावताक्षणी हॉर्न वाजेल, दचकू नका. व्होल्टमीटर असेल तर बटण दाबून त्याच दोन टोकांत मोजा. अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसलं की सांधा खराब समजावा.

रिलेवर आकडे असतात: 30 ला बॅटरीची वीज, 87 वरून हॉर्न, 85 आणि 86 ही त्याच्या कॉइलची टोकं. स्टेअरिंगवरचं बटण बहुतेक ठिकाणी कॉइलला फक्त अर्थ देतं. म्हणून स्टेअरिंगच्या दांड्याचा अर्थ रबर किंवा रंगामुळे तुटला, तर रिले 'टक' सुद्धा करत नाही. उलट बटणाची तार सोलून दांड्याला लागली, तर वळण घेताना हॉर्न आपोआप बोंबलतो. त्याला अर्थ मिळाला, पण भलत्याच वाटेने!

दुरुस्ती मामुली आहे. आधी बॅटरीची ऋण तार सोडा. चॅसिसवरची जागा पॉलिश पेपरने लोखंड चकाकेपर्यंत घासा, अर्थच्या तारेला थिंबल दाबून बसवा, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळा, वरून ग्रीस लावा. तार चॅसिसलाच, केबिनला नको. मग रात्री हेडलाइट लावून एकदा हॉर्न दाबून बघा. दिवे चांगलेच मंदावले, तर दोघांचा अर्थ बहुधा एकाच बोल्टावर आहे. दिव्यांसाठी दुसरा बोल्ट शोधा.