पोर्टेबल बार्बेक्यू: ज्वाळेचे गैरसमज, निखाऱ्याची वस्तुस्थिती

पवना धरणाचा काठ असो, काशीदचा किनारा असो की कर्जतकडच्या एखाद्या शेतघराचं अंगण, शनिवारी रात्री तिथे घडीची बार्बेक्यू शेगडी पेटलेली हमखास दिसते. डिकीत मावणारी ही शेगडी आता कोणालाही घरपोच मिळते. ती कशी वापरायची हे मात्र बहुतेक जण एकमेकांचं पाहून शिकतात, आणि त्यातून काही समजुती घट्ट होऊन बसल्या आहेत. बऱ्याचशा समजुतींमुळे फार तर कोंबडी करपते. एक समजूत मात्र जीव घेते, म्हणून आधी तिच्याविषयी.

‘धूर थांबला, आता शेगडी तंबूत घेतली तरी चालेल.’ रात्री गारवा वाढतो, निखारे अजून लालसर असतात, धुराचा मागमूस नसतो. अशा वेळी शेगडी आत घ्यावीशी वाटणं अगदी स्वाभाविक आहे, आणि तेच सगळ्यात घातक आहे. कोळसा अपुऱ्या हवेत जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. बिनधुराचा, शांत दिसणारा निखारा हा वायू भरपूर सोडत असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून अधिक जोराने चिकटतो. डोकं दुखणं, मळमळणं, गुंगी येणं ही लक्षणं दिवसभराच्या दगदगीवर किंवा प्यायलेल्या दारूवर ढकलली जातात आणि माणूस झोपेतच दगावतो. तंबूची चेन थोडी उघडी ठेवली किंवा खिडकी किलकिली केली, तर धोका टळत नाही. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दामन इथे केरळचे आठ पर्यटक रिसॉर्टच्या बंद खोलीत हीटर लावून झोपले आणि गुदमरून गेले. तो हीटर गॅसचा होता, पण बंद जागेत काहीही जळत ठेवलं तरी धोका तोच. तंबू, काचा लावलेली बाल्कनी, गाडी, यांपैकी कुठेही पेटती किंवा नुकतीच विझवलेली शेगडी ठेवू नये. कोणाला गरगरू लागलं तर त्याला लगेच मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन करा.

आता खरेदीकडे वळू. दुकानात सगळ्यांचं लक्ष जाळी किती मोठी आहे याकडे असतं. चार-पाच माणसांना साधारण ३५ सेंटिमीटर व्यासाची जाळी पुरते. त्यापेक्षा महत्त्वाच्या गोष्टी आहेत पत्र्याची जाडी, हवेची भोकं आणि कोळसा ते जाळी हे अंतर. पातळ पत्रा थोड्याच वापरात वाकतो आणि शेगडी एका बाजूला कलते. खालून हवा यायला भोकं नसतील तर कोळसा गुदमरतो आणि आपण पुठ्ठ्याने वारा घालत बसतो. ब्रीफकेससारख्या घडीच्या शेगड्यांमध्ये जाळी बऱ्याचदा कोळशाला जवळजवळ टेकलेली असते. हे अंतर निदान दहा सेंटिमीटर हवं, आणि ते कमी-जास्त करता आलं तर फारच उत्तम. पायही हलवून पाहा. लटपटणारी शेगडी स्वस्तात मिळाली तरी घेऊ नये, विशेषतः घरात मुलं असतील तर.

झाकण हा शोभेचा भाग आहे, असं पुष्कळांना वाटतं. शिकागोतल्या वेबर ब्रदर्स या धातुकामाच्या कारखान्यातल्या जॉर्ज स्टीफनने १९५२ मध्ये पाण्यावर तरंगणाऱ्या बोयाचा गोल कापून झाकणाची शेगडी बनवली, ती वारा आणि राख यांना कंटाळून. आपल्या किनाऱ्यावरच्या वाऱ्यात तिचं महत्त्व लगेच कळतं. झाकणामुळे उष्णता वरूनही मिळते, तंगडी आतपर्यंत शिजते, आणि शेवटी वरची-खालची भोकं बंद केली की हवा तुटून कोळसा विझतो.

तुटलेल्या जाळीच्या जागी हार्डवेअरच्या दुकानातली चकचकीत जाळी कापून बसवण्याची पद्धतही सर्रास आहे. त्या जाळीवर जस्ताचा मुलामा असतो. जस्त ४२० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं, आणि पेटलेले निखारे त्याहून पुष्कळ जास्त तापलेले असतात. जस्ताची वाफ श्वासात गेली तर ताप येतो, अंग मोडून येतं. जाळी स्टेनलेस स्टीलची किंवा बिडाचीच घ्यावी.

‘कोळसा म्हणजे कोळसा.’ हेही खरं नाही. दगडी कोळशात गंधक असतं, त्यावर अन्न भाजायचं नसतं. लागतो तो लाकडी कोळसा, तोही कोरडा. पावसाळ्यात ओलसर झालेला कोळसा तडतडतो, ठिणग्या उडवतो आणि पेटायला रडवतो. तो पेटवायला रॉकेल, पेट्रोल किंवा सॅनिटायझर ओतणं हा निव्वळ वेडेपणा आहे. अर्धवट पेटलेल्या कोळशावर द्रव ओतला की त्याची वाफ भडकते आणि ज्वाळ थेट बाटलीपर्यंत चढते. दोन्ही बाजूंनी उघडा पत्र्याचा डबा, तळाशी जाळी, खाली कागदाचे बोळे आणि वर कोळसा एवढ्यावर काम होतं. वीस ते तीस मिनिटं लागतात. तेवढा धीर धरायलाच हवा.

कारण सगळ्यात पसरलेला गैरसमज हाच आहे की मोठी ज्वाळ म्हणजे जोरात भाजणं. चौपाटीवरचा कणीसवाला पाहा. त्याचं कणीस ज्वाळेत कधीच नसतं. कोळशावर पांढुरकी राख धरली की तो जाळी निखाऱ्यावर ठेवतो आणि हवी तिथेच हवा घालतो. ज्वाळेने बाहेरचा थर काळा होतो आणि आत कच्चं राहतं. निखाऱ्याची उष्णता सारखी मिळते. ती किती आहे हे कळायला जाळीच्या वर वीतभर उंचीवर तळवा धरावा. दोन-तीन सेकंदांत हात मागे घ्यावा लागला तर आच तेज, चार-पाच सेकंद धरता आला तर मध्यम. कोळसा शेगडीच्या एकाच बाजूला रचावा. तेज बाजूला रंग आणायचा, दुसऱ्या बाजूला शिजवायचं. चरबी गळून भडका उडाला तर पाणी मारू नये, तुकडे थंड बाजूला सरकवावेत. करपलेल्या काळ्या भागात आणि चरबीच्या धुरात अपायकारक संयुगं असतात, म्हणून काळं झालेलं काढूनच खावं.

‘गॅसवर ती चव येत नाही,’ असं म्हणणाऱ्यांशी मी अर्धाच सहमत आहे. लाकडाचा कोळसा होतानाच त्यातली सुगंधी द्रव्यं बहुतेक उडून गेलेली असतात. आपण ज्याला कोळशाची चव म्हणतो ती बरीचशी तापलेल्या निखाऱ्यावर थेंबथेंब गळणाऱ्या चरबीच्या आणि मसाल्याच्या धुराची असते. गॅसच्या शेगडीतही तापलेल्या पत्र्यावर थेंब पडतात, म्हणून तीही बरीच जवळ जाते. सोसायटीत राहणाऱ्यांना विजेची शेगडी सोयीची, पण २००० वॅटची शेगडी सुमारे ९ अँपिअर ओढते. ती सहा अँपिअरच्या साध्या प्लगला लावू नये, गीझरसारखा पॉवर प्लग हवा. छोट्या डब्याच्या गॅस स्टोव्हवर डब्यापर्यंत पसरणारा मोठा तवा ठेवू नये, डबा तापून फुटू शकतो. असा डबा विमानात नेता येत नाही, रेल्वेतही गुन्हा ठरतो.

स्वयंपाकातल्या समजुतींपैकी एक फार जुनी आहे: तेज आचेवर आधी भाजलं की आतला रस ‘बंद’ होतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांनी ती मांडली. ती चुकीची आहे. भाजलेल्या पृष्ठभागातूनही रस गळतच राहतो, जाळीवरचा चर्र आवाज त्याचाच. तेज आचेचा फायदा वेगळा: प्रथिनं आणि साखर यांच्यात होणारी, १९१२ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ मायार यांनी वर्णन केलेली अभिक्रिया घडते, आणि खरपूस चव तिच्यातून येते. चिकन शिजलं की नाही हे रंगावरून ठरवू नये. मसाल्याचा लाल रंग डोळ्यांना फसवतो. सर्वांत जाड भागात ७४ अंश सेल्सिअस झालं की ते सुरक्षित, आणि त्यासाठी साधा स्वयंपाकाचा थर्मामीटर शेगडीबरोबरच घ्यावा. रात्रभर मुरवलेलं अधिक चविष्ट, हेही सरसकट खरं नाही. लिंबू-दह्याचा आंबटपणा मांसात फक्त काही मिलिमीटर शिरतो. मीठ जास्त खोल जातं. कच्ची पपई जास्त वेळ ठेवली तर वरचा थर पिठूळ होतो. सुरमईला अर्धा तास पुष्कळ. पनीर आम्लाने फाडलेलं असल्याने वितळत नाही, त्याची काळजी नको. कच्च्या चिकनला लावलेला उरलेला मसाला मात्र शिजलेल्या तुकड्यांवर पुन्हा लावू नका, आणि दोन्हींना एकच चिमटा वापरू नका.

शेवटची समजूत किनाऱ्यावरची: निखारे वाळूत पुरले की विझतात. वाळू उष्णता धरून ठेवते, आणि वरून काहीच दिसत नसलेले निखारे पुढे कित्येक तास पाय भाजण्याइतके तापलेले राहतात. सकाळी तिथूनच मुलं अनवाणी धावतात. डोंगरात याचाच वणवा होतो. फेब्रुवारीपासून सह्याद्रीतलं गवत वाळून कोळ झालेलं असतं, एक ठिणगी पुरते. राखीव वनात आग पेटवणं १९२७ च्या भारतीय वन कायद्यानुसार गुन्हा आहे आणि अभयारण्यांत १९७२ च्या वन्यजीव कायद्यानेही मनाई आहे. गडांवर तर शेगडी नेऊच नये. जिथे परवानगी आहे तिथे पेटवण्याआधीच पाण्याची बादली भरून जवळ ठेवा. जेवण झाल्यावर निखाऱ्यांवर पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा ओता, आणि वर हात धरल्यावर ऊब लागेनाशी झाली तरच राख पत्र्याच्या डब्यात भरून परत घेऊन या.