बारीक पात्याची बरकत

१९३३ सालच्या सुरुवातीला अमेरिकेत दर चार कामगारांमागे जवळजवळ एक जण बेकार होता. बँका बुडत होत्या, बांधकामे थांबली होती. सुतारांच्या हाताला काम नव्हते आणि वास्तुविशारदांकडे कोणी फिरकत नव्हते. अशा दिवसांत त्या देशात एक धंदा भराला आला, तो लाकडी चित्रकोड्यांचा. छापील चित्र प्लायवूडच्या पातळ फळीवर चिकटवायचे, घरातल्या स्क्रोल सॉवर, म्हणजे बारीक पात्याच्या करवतीवर, त्याचे शेकडो वेडेवाकडे तुकडे कापायचे, डब्यात भरायचे आणि गल्लीतल्या औषधाच्या दुकानात किंवा वाचनालयात नेऊन ठेवायचे. कोडे विकत घेणे बहुतेकांना परवडत नव्हते, म्हणून ते भाड्याने मिळे. एक कुटुंब ते जुळवून परत करी आणि पुढचे कुटुंब घेऊन जाई. शहरांतून आणि गावांतून कितीतरी बेकार कारागिरांच्या घरी यातून चार पैसे आले.

ज्या हत्याराने हे घडवले, ते इतके साधे आहे की त्याची नीट ओळख करून घ्यायलाच हवी.

स्क्रोल सॉमध्ये एक उभे, अत्यंत बारीक पाते दोन आडव्या बाहूंच्या टोकांमध्ये ताणून बसवलेले असते. मोटर चालू झाली की ते खालीवर होते. यंत्रानुसार हा वेग मिनिटाला सुमारे ४०० ते १,८०० फेऱ्या इतका ठेवता येतो. पात्याची लांबी पाच इंच. नेहमीच्या कामाचे पाच नंबरचे पाते जेमतेम १ मिलिमीटर रुंद आणि सुमारे ०.४ मिलिमीटर जाड असते. रुंदीच नसल्यामुळे ते जागच्या जागी वळण घेऊ शकते. इथे करवत फिरवायची नसते. पाते आपल्या जागी राहते आणि कापणारा दोन्ही हातांनी फळी फिरवत राहतो. नक्षीच्या आतला भाग कापायचा असेल तर आधी ड्रिलने छोटे भोक पाडतात, पाते वरच्या पकडीतून सोडवून त्या भोकातून ओवतात आणि पुन्हा ताणतात. शंभर खिडक्यांची जाळी करायची असेल तर हे शंभर वेळा करावे लागते.

पात्यातही बारकावे आहेत. पोलादाच्या पट्टीत दाते पाडताना एका कडेला किंचित बोचरी धार राहते. त्यामुळे पाते सरळ रेषेत न जाता एका बाजूला ओढ घेते. नवशिक्याला वाटते की आपलाच हात वाकडा आहे. जाणकार मात्र फळी मुळातच थोडी तिरकी धरतो. काही पात्यांचे खालचे दोन-चार दाते उलट दिशेला तोंड करून असतात. ते वर येताना खालच्या पृष्ठभागावरच्या चिपट्या कापून टाकतात आणि फळीची मागची बाजूही स्वच्छ निघते. कठीण लाकूड कापताना ते जळून काळे पडू नये म्हणून त्यावर पारदर्शक पॅकिंग टेप चिकटवतात. टेपच्या गुळगुळीत लेपामुळे पात्याचे घर्षण कमी होते. हा उपाय स्वस्त आहे आणि खरोखर चालतो.

बारीक पात्याच्या काटकसरीचा सर्वांत देखणा दाखला मात्र गरिबाच्या घरात सापडत नाही. तो फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या दरबारात आहे. राजाचा सुतार आंद्रे शार्ल बूल (१६४२–१७३२) कासवाच्या कवचाचा आणि पितळेचा पातळ पत्रा एकावर एक ठेवून दोन्ही एकदमच कापत असे. कापून झाल्यावर पितळेची वेलबुट्टी कवचात बसवली की एक कपाट तयार होई. उरलेली कवचाची वेलबुट्टी उरलेल्या पितळेत बसवली की त्याच्या जोडीचे दुसरे कपाट तयार होई. पहिल्यात जिथे सोनेरी, तिथे दुसऱ्यात काळसर. एकाच कापणीतून दोन कपाटे आणि वाया जवळजवळ काहीच नाही. ऐश्वर्याच्या त्या शिखरावरही हत्याराने आपला स्वभाव सोडला नाही, याचे मला फार कौतुक वाटते. जडावकामाच्या अशाच बारीक करवतीने लंडनच्या जॉन स्पिल्सबरीने १७६० च्या दशकात महोगनीवर चिकटवलेले नकाशे देशांच्या सीमांवरून कापले आणि मुलांना भूगोल शिकवण्यासाठी विकले. जिगसॉ कोड्याची वंशावळ तिथून सुरू होते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे हत्यार पायाने चालवायच्या यंत्रात बसले आणि मध्यमवर्गाच्या घरात शिरले. अमेरिकेत इलिनॉयमधल्या रॉकफर्ड गावी बार्न्स बंधूंची कंपनी अशी यंत्रे बनवत होती. इंग्लंडमध्ये १८९५ साली 'हॉबीज' नावाचे साप्ताहिक निघाले. ते फ्रेटवर्कचे, म्हणजे जाळीकामाचे, नमुने देई आणि त्यामागची नॉरफकमधल्या डेरम गावची कंपनी त्यासाठी लागणारे लाकूड, पाती आणि पायाने चालवायची यंत्रेही विकत असे. घड्याळाचे कोनाडे, फोटोच्या चौकटी, पाइप ठेवायची मांडणी असल्या वस्तू कारकून आणि शाळकरी मुले संध्याकाळी बसून करत.

आता पुन्हा मंदीच्या कोड्यांकडे. १९०८ साली अमेरिकेत ५०० तुकड्यांचे लाकडी कोडे सुमारे पाच डॉलरना मिळे आणि साध्या कामगाराला महिन्याला पन्नास डॉलर मिळत. म्हणजे त्या वेळी कोडे हा श्रीमंतांचा खेळ होता. मंदीत तो सामान्यांच्या घरात आला, तो आधी भाड्याच्या वाटेने आणि मग पुठ्ठ्यामुळे. साच्याने एका दाबात कापलेली पुठ्ठ्याची कोडी १९३२ च्या शरद ऋतूत बाजारात आली. दर आठवड्याला नवे कोडे वर्तमानपत्राच्या टपरीवर पंचवीस सेंटना मिळू लागले. १९३३ च्या सुरुवातीला खप आठवड्याला एक कोटीवर पोचला. घरी बसून लाकडात एकेक तुकडा कापणाऱ्या माणसाला या किमतीशी बरोबरी करणे शक्य नव्हते.

तरीही दोघांनी तग धरला. न्यूयॉर्कचे फ्रँक वेअर आणि जॉन हेन्रीक्स हे दोन बेकार तरुण १९३२ साली घरच्या जेवणाच्या टेबलावर कोडी कापू लागले. स्वस्त करण्याच्या शर्यतीत ते उतरलेच नाहीत. त्यांनी कोडे अवघड केले. चित्रातले दोन रंग जिथे मिळतात, नेमके तिथूनच ते पाते नेत. त्यामुळे निळ्या आकाशाचा तुकडा हिरव्या झाडाला लागतो हे कळायला काही खूणच उरत नसे. कडा सरळ ठेवण्याची प्रथा त्यांनी मोडली. डब्यावर ते चित्र देत नसत आणि कोड्याचे नावही दिशाभूल करणारे ठेवत. गिऱ्हाइकाच्या नावाची आद्याक्षरे, त्याचे आवडते आकार ते तुकड्यांतून कापून देत, आणि प्रत्येक कोड्यात समुद्रघोड्याच्या आकाराचा एक तुकडा सहीसारखा ठेवत. 'पार' या नावाने ही कोडी पुढे कित्येक वर्षे धनिकांच्या घरी जात राहिली. १९७४ साली व्हरमाँट राज्यात सुरू झालेली 'स्टेव्ह' ही कंपनी त्यांचाच वारसा चालवते आणि तिच्या मोठ्या कोड्यांची किंमत हजारो डॉलरमध्ये असते.

या इतिहासातून मला एक गोष्ट स्पष्ट दिसते. स्क्रोल सॉच्या कामात लाकूड नगण्य लागते, वीज थोडी लागते, पाती किरकोळ किमतीची असतात. खरा खर्च होतो तो वेळेचा. म्हणून या कलेवर पोट भरणे कठीण आहे, कारण तासांचा हिशेब लावला की वस्तूची किंमत गिऱ्हाइकाच्या आवाक्याबाहेर जाते. पण ज्याच्याकडे वेळ आहे आणि तो द्यायची इच्छा आहे, त्याच्या हाती हेच हत्यार निधी उभारण्याचे उत्तम साधन होते. विक्रीच्या किमतीतून साहित्याचे थोडेसे पैसे वजा केले की बाकी सगळी रक्कम सत्कार्याला जाते. अमेरिका आणि युरोपात चर्चच्या जत्रांत, शाळांच्या बाजारांत, नाताळच्या विक्रीत निवृत्त माणसांनी कापलेल्या चांदण्या, देवदूत आणि हरणे मांडलेली दिसतात, त्यामागे हाच हिशेब आहे.

तिथे वापरली जाणारी एक युक्ती बूलच्याच घराण्यातली आहे. ३ मिलिमीटर जाडीच्या प्लायचे चार-पाच तुकडे एकावर एक रचून कडांना टेपने घट्ट बांधायचे, वर नमुन्याचा कागद चिकटवायचा आणि एकदाच कापायचे. एका वस्तूला लागणाऱ्या श्रमात चार-पाच वस्तू हाती येतात. दुसरी युक्ती याहून सुंदर आहे. चौकोनी ठोकळ्याच्या लगतच्या दोन बाजूंवर एकाच आकृतीची दोन दर्शने चिकटवतात. आधी एक बाजू कापतात, सुटलेले तुकडे परत जागेवर टेपने बसवतात आणि ठोकळा वळवून दुसरी बाजू कापतात. टेप सोडली की भुश्यातून चारही बाजूंनी घडलेले हरीण बाहेर येते. वखारीत जळणात टाकला असता असा तो ठोकळा असतो.

देण्याशी या कामाचे नाते जुने आहे. बोअर युद्धानंतर जायबंदी सैनिकांसाठी ब्रिटनमध्ये कार्यशाळा सुरू झाल्या. १९१४ साली फील्ड मार्शल लॉर्ड रॉबर्ट्स यांच्या निधनानंतर त्यांच्या स्मरणार्थ त्या वाढवल्या गेल्या. पहिल्या महायुद्धात हातपाय गमावलेल्या माणसांनी तिथे लाकडी खेळणी केली आणि ती विकून स्वतःची मिळकत केली. आजचे उदाहरण अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या 'बीड्स ऑफ करेज' या संस्थेचे. कर्करोगासारख्या गंभीर आजाराशी झुंजणाऱ्या मुलांना ही संस्था प्रत्येक सुईसाठी, प्रत्येक उपचारासाठी एक मणी देते. मुलांची माळ लांबच लांब होत जाते. ते मणी ठेवायला झाकणाच्या लाकडी डब्या लागतात आणि त्या करून देतात हौशी लाकूडकारागीर. त्या डब्या विकल्या जात नाहीत, थेट मुलाच्या हाती जातात.

आपल्याकडे बारीक करवतीची परंपरा म्हैसूरच्या शिसवी जडावकामात जिवंत आहे. तिथले कारागीर निरनिराळ्या रंगांच्या लाकडांचे तुकडे हाताने कापून शिसवीत बसवतात. पूर्वी त्यात हस्तिदंत असे. आता त्याच्या व्यापारावर बंदी आहे.

महाराष्ट्रात ज्यांना हा छंद लावून घ्यायचा आहे, त्यांनी लगेच यंत्र घेऊ नये. हाताने चालवायची फ्रेट सॉ हार्डवेअरच्या दुकानात मिळते. टेबलाच्या कडेला, मध्ये व्ही आकाराची खाच असलेली लाकडी पट्टी शिकंज्याने आवळायची, फळी त्यावर ठेवायची आणि पात्याचे दाते खाली तोंड करून लावायचे, म्हणजे पाते खाली ओढताना कापते. लाकूड विकत घ्यायची गरज नाही. शेजारी कोणाकडे फर्निचरचे काम चालू असेल तर सुतार प्लायचे तुकडे आनंदाने देईल. सागवानात सिलिका असते, त्याने पाती लवकर बोथट होतात, म्हणून सुरुवात मऊ लाकडावर करावी. स्क्रोल सॉचे यंत्र गोल करवतीच्या मानाने पुष्कळ सुरक्षित आहे. खरा धोका उडणाऱ्या बारीक भुश्याचा, विशेषतः एमडीएफ (लाकडाच्या तंतूंची दाबून केलेली फळी) कापताना. नाकातोंडावर मास्क हवाच.

पहिल्या कामासाठी माझी सूचना आहे महाराष्ट्राच्या नकाशाची. ताराबाई मोदक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाडला महागड्या आयात साहित्याच्या जागी गावात मिळणाऱ्या स्वस्त वस्तूंनी बालशिक्षण उभे केले, तेव्हा मुलांसाठी स्वस्तात साधने घडवण्याची ही वाट आपल्याला परकी नाही. ६ मिलिमीटरच्या प्लायवर नकाशा चिकटवा आणि जिल्ह्यांच्या सीमांवरून कापा. मुंबई शहर आणि मुंबई उपनगर जोडूनच ठेवा, नाहीतर तुकडा फार लहान होऊन एखादे मूल तो तोंडात घालेल. जिल्हे ३६, तुकडे ३५. कडा पॉलिश पेपरने गुळगुळीत करा. तीन फळ्या एकत्र बांधून कापल्यात तर तीन कोडी होतील. एक जवळच्या शाळेला द्या, दोन शाळेच्या आनंदमेळाव्यात विका आणि आलेले पैसे त्याच शाळेच्या वाचनालयाला द्या.