उरलेल्या अन्नास वाट : गावोगावी अन्नपेढी

लग्नसराईत पंगती उठल्यानंतर उरलेले अन्न अनेकदा उकिरड्यावर जाते. त्याच गावातील भूमिहीन मजुराच्या घरी आषाढ-श्रावणात कणगी रिकामी असते. बुलढाणा जिल्ह्यात सोयाबीन व कापूस या नगदी पिकांनी ज्वारीची जागा घेतल्याने घरच्या धान्याचा आधारही कमी झाला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अहवालानुसार २०२२ साली जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले. नासाडी व उपासमार यांना जोडणारा दुवा म्हणजे अन्नपेढी होय. जगातील पहिली अन्नपेढी १९६७ साली अमेरिकेतील फिनिक्स येथे स्थापन झाली.

धान्याची पेढी

केंद्र शासनाने १९९६-९७ साली ग्राम धान्य पेढी योजना आखली. पुढे तिच्यात ३० ते ४० गरीब कुटुंबांचा गट करून अडचणीच्या काळात प्रत्येकी एक क्विंटलपर्यंत धान्य उसने देण्याची व सुगीनंतर ते परत घेण्याची तरतूद झाली. सावकाराच्या दारी जाणे टाळणारे हे तत्त्व आजही उपयुक्त आहे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस दरमहा ५ किलो धान्य मिळते. मात्र शिधापत्रिका नसलेल्या किंवा स्थलांतरित कुटुंबास तातडीचा आधार गावालाच द्यावा लागतो. सुगीच्या वेळी प्रत्येक खळ्यावरून पायलीभर धान्य जमविल्यास पेढीचा आरंभ होऊ शकेल. धान्य वाळवून, कोरड्या कोठीत ठेवावे आणि देवघेवीची नोंदवही ग्रामसभेपुढे मांडावी.

शिजवलेले अन्न

येथे वेळेला महत्त्व आहे. उष्ण हवेत दोन तासांहून अधिक काळ राहिलेल्या अन्नात जंतू झपाट्याने वाढतात. म्हणून पंगतीतील उष्टे नव्हे, तर भांड्यातील न वाढलेले अन्नच झाकून, त्वरित व गरम असतानाच वाटावे. अतिरिक्त अन्नाच्या वितरणाचे केंद्रीय विनियम १ जुलै २०२० पासून लागू असून वितरण करणाऱ्या संस्थेस नोंदणी वा परवाना आणि देणगीची नोंद आवश्यक आहे.

शेगावी २३ फेब्रुवारी १८७८ रोजी श्री गजानन महाराज उकिरड्यावरील पत्रावळींतील शिते वेचताना प्रथम दिसले, असे परंपरा सांगते. आज तेथील संस्थानात दररोज हजारो भाविकांना महाप्रसाद दिला जातो. अन्नाचा कण न सांडण्याचा हा संस्कार शिक्षकांनी शाळेत रुजवावा, पंचायत सदस्यांनी कोठीसाठी जागा द्यावी आणि अधिकाऱ्यांनी नोंदणीस साह्य करावे. मग येत्या आषाढात गावातील कोणतीही चूल धान्याअभावी थंड राहणार नाही.